बकुळीचं पेंडंट

माझी वहिनी रेझिनचे दागिने करते. साच्यात फूल ठेवायचं, वरून पाकासारखं रेझिन हलक्या हाताने ओतायचं आणि बुडबुडे टाचणीने फोडायचे. मला ते बघत बसायला आवडतं. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढलं की फूल कायमचं आत राहतं, जणू काचेत.

शेजारच्या सुमनकाकूंनी तिला बकुळीची सुकलेली फुलं आणून दिली होती. त्यांच्या वारलेल्या बहिणीने ओवलेल्या शेवटच्या गजऱ्यातली. काल पेंडंट तयार झालं. बारीकशी पाकळी न् पाकळी दिसत होती. काकूंनी ते हातात घेतलं आणि सवयीने थेट नाकाशी नेलं.

पण रेझिनमधून वास कुठून येणार! बकुळ सुकली तरी तिचा वास जात नाही, म्हणून तर ती साड्यांच्या घडीत जपायची. तिच्या रूपासाठी तिला कोण जपतं? आणि आम्ही नेमकं तेच जपलं होतं.

"छान झालंय गं," म्हणत काकूंनी पेंडंट गळ्यात घातलं. मग हळूच विचारलं, "एखादं फूल उरलंय का?"

फुलांच्या डबीच्या तळाशी एक सापडलं. ते काकूंनी पदराच्या टोकाला गाठ मारून नेलं.