जाड झाकणाचा लॅपटॉप

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी संगमनेरच्या कॉलेजात शिकवायला गावाहून रोज एसटीने जायचे. लॅपटॉप घ्यायला पुण्याला गेले, तेव्हा वडीलही आले. त्यांना त्यावर पत्ते खेळायचे होते. एक पातळ लॅपटॉप मनात भरला, पण झाकण उघडताना कुरकुरलं. रोजच्या धक्क्यांत हा टिकेल का, या धास्तीने मी दुसरा, जाड आणि जड घेतला.

परतताना चंदनापुरी घाटात एसटीने करकचून ब्रेक मारला आणि मांडीवरची बॅग खाली आदळली. घरी पोचूनही ती उघडायचा मला धीर होईना.

"बघ की उघडून," वडील म्हणाले, "पत्ते चालत्यात का?"

झाकण उघडलं. पडदा उजळला. मी लॅपटॉप वडिलांपुढे सरकवला आणि पहिला डाव तेच खेळले.