दसऱ्याचा पंजा

जुन्या काळची माणसं ताकदीची होती, आताची सगळी भुसभुशीत, असं कुणी म्हणालं की मी आधी बोलणाऱ्याच्या हातांकडे बघते. ही माझी जुनी खोड आहे. माझे वडील हाडवैद्य होते. मुरबाडकडच्या आमच्या घराच्या ओटीवर रोज कुणी ना कुणी दुखरा हात धरून बसलेलं असे, आणि बांबूच्या कामट्या बांधताना दुसऱ्या बाजूने धरायला मी. वडील म्हणायचे, पडलो कसा ते माणूस खोटं सांगतो, सांधा खरं सांगतो. आंब्यावरून पडलो म्हणणारा पिऊन पडलेला असे, आणि उंबऱ्याला अडखळले म्हणणारी बाई उंबऱ्याला अडखळलेली नसे. असल्या घरात वाढलेल्या मुलीचा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. माझा तर अजून बसत नाही.

लग्न होऊन मी बदलापुरात बेलवलीला आले तेव्हा कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, निर्वासित येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. सासरी भातशेती, एक म्हैस, सासरे आणि नवरा. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता, सायकलवर जायचा. आणि मामंजींचं नाव होतं ते पंज्यात. लग्नाच्या बोलणीतच मध्यस्थाने सांगितलं होतं, "पोरीचा सासरा वीस वर्सं पंज्यात हरला नाय." जमीन किती ते त्याने नंतर सांगितलं.

आमच्याकडचा पंजा उभ्याने खेळत. दसऱ्याला सोनं लुटून झालं की मारुतीच्या अंगणात दोन गडी समोरासमोर उभे राहायचे, बोटांत बोटं अडकवायचे आणि एकमेकांचं मनगट मागे वाकवायचे. ज्याचं वाकलं तो हरला. मामंजींचं कधी वाकलं नव्हतं.

मी तिसऱ्याच दिवशी ओळखलं. जेवून उठताना त्यांनी उजवी मूठ जमिनीला टेकली आणि उठले. माणूस तळवा टेकून उठतो. मग मी बघतच राहिले. घास तोंडाशी नेताना त्यांचं कोपर पार खांद्याइतकं वर जाई. तुळशीला नमस्कार करताना ते जोडलेले हात कपाळाच्याही वर नेत, दोन्ही कोपरं एकमेकांना चिकटवून. शेजारची म्हातारी म्हणायची, "काय भक्ती हाय बघ तुज्या सासऱ्याची!" मला भक्ती दिसेना. छातीशी हात जोडायचे तर मनगट मागे वाकावं लागतं. जोडून बघा, कळेल. मामंजींचं उजवं मनगट वाकतच नव्हतं. कधीतरी ते मोडलं होतं, कुणा अडाण्याने घट्ट आवळून महिनोन् महिने ठेवलं होतं आणि सांधा आखडून गेला होता. बोटं धडधाकट, पकड लोखंडी, पण मनगट म्हणजे नुसता ठोकळा. गावातला एकूण एक गडी वीस वर्षं तो ठोकळा वाकवायला बघत होता.

लबाड म्हातारा, असं मी मनात म्हटलं. मला खराखुरा राग आला. पण नव्या सुनेने बोलायचं कुणाजवळ? मामंजींशी तर थेट बोलायची रीतच नव्हती. काही सांगायचं झालं तर मी गोठ्याकडे तोंड करून म्हशीला सांगायची. "म्हशे, पान वाढलंय गं," म्हटलं की मामंजी पाय धुऊन आत यायचे.

माझा राग दुसऱ्या कुणासाठी नव्हता, नवऱ्यासाठी होता. तो अंगाने वडिलांपेक्षा थोराड. कारखान्यात दिवसभर लाकडाचे ओंडके उचलून त्याच्या हाताला पीळ भरला होता. रविवारी तो कॅम्पात एका सिंधी मित्राकडे जायचा. तिथे बराकीपुढे टेबल टाकून पंजा चाले, पण तो बसून, कोपर टेकवून, हात आडवा पाडायचा. त्या टेबलावर माझ्या नवऱ्याने कॅम्पातले आणि कारखान्यातले सगळे पाडले होते. गावात त्याचं कौतुक शून्य. पारावरची म्हातारी मंडळी म्हणायची, "कोपर टेकून? पंजा खेळतंस का जेवायला बसतंस?" मग जुने आणि नवे यांची तुलना सुरू व्हायची, आणि शेवट ठरलेला: "बापाच्या पासंगाला पुरायचं नाय ह्ये पोर." ते हसत हसत म्हणत. तो घरी येऊन भाकरी अर्धी टाकून उठे.

दर दसऱ्याला तो वडिलांपुढे उभा राहायचा आणि दर दसऱ्याला हरायचा. एका वर्षी सिंधी मित्र बघायला आला होता. खेळ संपल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तेरे बाप का हाथ है कि खूँटा? कुछ तो गड़बड़ है, भाई!" गाव त्याच्या अंगावर धावून गेलं. नवऱ्याने त्याला कसाबसा सायकलवर बसवून बाहेर काढलं. एवढ्या गर्दीत खरं बोलला तो एक परका, आणि मी पदराआड गप्प.

पण संशयाचं बी पडलं. नवरा वडिलांना दादा म्हणायचा. मला म्हणाला, "दादांच्या मनगटाला तो काळा दोरा बांधलेला हाय ना, त्याच्यात कायतरी हाय." गावातही दोन-चार जणांचा तोच वहीम होता. दोरा कुण्या भगताकडून आणलेला आहे, अमुशाला मंतरलेला आहे, काय काय. मी म्हटलं, "दोऱ्यात काही नाही." तो म्हणाला, "तुला कसं म्हाईत?" मी भांड्यांचा आवाज वाढवला.

पुढच्या वर्षी भादव्यात तो गोठ्याच्या मेढीला, मधल्या खांबाला, दोर बांधून काहीतरी करू लागला. बोटांत दोर अडकवायचा, खाली ओढायचा आणि एकदम पिळून हिसका द्यायचा. पुन्हा पुन्हा. मेढ हलायची, म्हैस बिचकायची. मी विचारलं तर म्हणाला, "निसता जोर लावून दादा वाकत नाय. हिसका दिला तर सात भुतं बांधली असली तरी वाकंल." डोळे असे की मला त्याची भीती वाटली.

 आखडलेला सांधा जोराला दाद देत नाही, पण अवचित हिसका बसला तर तो वाकत नाही, तुटतो. वडिलांकडे आलेले असे दोन हात मी धरले होते. एक पुन्हा कामाचा झाला नाही. दसरा झाला की भातकापणी. मामंजींच्या उजव्या हातात विळा राहिला नसता, आणि तो हात मुलाने मोडलेला असता. नवऱ्याला सांगावं तर वडिलांची वीस वर्षं एका वाक्यात मातीत जाणार, आणि न सांगावं तर हात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामंजी अंगणात दावं वळत बसले होते. मी वैरण घेऊन गोठ्यात गेले आणि म्हशीच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, "म्हशे, तुझा पाय आखडलेला आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. जन्मभर लपवलास, लपव. पण उद्या तुझंच रेडकू हिसका देणार आहे. तुटेल तो. उद्या दुसरा पाय पुढे कर."

दावं वळायचं थांबलं. मी मागे बघितलं नाही. म्हैस वैरण खात होती. मग मामंजींचा आवाज आला, तोही म्हशीलाच उद्देशून. "म्हशीला कुणी शिकवलं ह्ये?"

"तिचा बाप हाडवैद्य होता," मी म्हटलं.

ते हसले की खोकले, कळलं नाही. मग म्हणाले, "म्हशीनं कुठं बोलू नये."

"नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या अंगणात मामंजींनी डावा हात पुढे केला. उजवा सुजलाय, म्हणाले. नवऱ्यानेही डावा दिला. हिसक्याची वेळच आली नाही. मामंजींनी जीव खाऊन जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि तरी एका दमात त्यांचं मनगट मागे गेलं.  मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. माझा नवरा जिंकला होता, आणि अगदी खरा जिंकला होता.

त्याला ते पटलं नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "दादांनी सोडलं. दया केली माझ्यावर." मी म्हटलं, सोडलं असतं तर मानेच्या शिरा कशाला फुगल्या असत्या? तो म्हणाला, "नाटक." गावही तेच म्हणालं. म्हातारा मनाचा मोठा, पोराला जिंकवलं बघा. वीस वर्षांच्या लबाडीवर दोन-चार जण सोडले तर कुणी शंका घेतली नव्हती, आणि एकुलत्या एक खऱ्या पंज्यावर सगळ्यांनी घेतली. नवऱ्याने कॅम्पात जाणं सोडलं. कुणी चँपियन म्हटलं तर म्हणायचा, "भीक हाय ती." मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मी म्हशीच्या नावाने शब्द दिला होता.

पुढच्या दसऱ्याला तो घराबाहेरच पडला नाही. बाहेर सोनं लुटत होते आणि हा ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. दुपारी मामंजी अंगणातून आत आले, त्याच्यापुढे बसले आणि काळा दोरा दातांनी तोडून टाकला. उजवा हात पुढे केला. "वाकव," म्हणाले.

"नको दादा."

"वाकव म्हनतो ना. हळू."

त्याने धरला. मागे दाबला, पुढे दाबला. मी दारातून बघत होते. त्याचा चेहरा बदलत गेला. मामंजी म्हणाले, "इसाव्या वर्सी पेंढ्याच्या गाडीवरून पडलो. थोट्याला पोरगी कोन देनार, म्हनून घरच्यांनी लपवलं. पहिल्यांदा पंज्याला ओढला तवा घाबरून उभा ऱ्हायलो होतो. तवा कळलं, ह्यो वाकतच नाय. मंग लोकांनी मोठा केला, मना खाली उतरायला जमलं नाय." पुढे म्हणाले, "तू मना डाव्या हातानं हरवलंस. मी सोडला नवता. लय जोर लावला होता."

नवऱ्याने तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मग तो रडला. मामंजी दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिले. मला वाटलं, सुटलं एकदाचं. माझ्यासुद्धा छातीवरचं ओझं उतरलं.

मग नवऱ्याने डोळे पुसले आणि विचारलं, "पन तवा डावा हात द्यायचं तुमाला सुचलं कसं?"

 मामंजींनी गोठ्याकडे बघितलं, आणि मग चुकून माझ्याकडे.

"कवापासून म्हाईत हाय तुला?" त्याने मला विचारलं. त्या घरात खोटं बोलायचं आता काही उरलं नव्हतं.

"लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून," मी म्हणाले.

तो माझ्यावर ओरडला नाही. पुढच्या रविवारी सायकल काढून कॅम्पातही गेला. वडिलांशी तर असा वागू लागला की कधी काही झालंच नव्हतं. पण माझ्याकडे तो पुन्हा पूर्वीसारखा बघेना. मी भाकरी थापताना जरा गप्प झाले, नुसती मिठाच्या विचारात असले, तरी तो हातातला पेला खाली ठेवायचा आणि विचारायचा, "आनि काय म्हाईत हाय तुला?"

काही ठाऊक नसायचं मला. पण तेही त्याला कधी पटलं नाही.