दारावरच्या दोन पिशव्या

किराणा दुकानाचं सामान घरोघर पोचवायचा तेव्हा लोक त्याला बडबड्या म्हणत. कुणाचं बाळंतपण, कुणाचे गुडघे, सगळ्यांची चौकशी केल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. मालक कपाळाला हात लावायचा, पण याच्यामुळे एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

दुकान बंद पडलं आणि बडबड्या घरपोच सामान देणाऱ्या कंपनीची पिशवी पाठीला लावून मोबाइलच्या तालावर नाचू लागला. एक सामान पोचतंय तोच दुसऱ्याची घंटा. उशीर झाला की पुढचं काम दुसऱ्याला. मग बोलणार कधी? नाव तेवढं राहिलं, बडबड गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू जुन्या गिऱ्हाईक. त्याच्या लेकीचे फ्रॉक त्यांनीच शिवलेले. आता परगावचा मुलगा त्यांच्यासाठी मोबाइलवरून सामान मागवी. सूचना ठरलेली: बेल वाजवू नका, पिशवी कडीला अडकवा, फोटो काढा. आईची दुपारची झोप मोडू नये, एवढाच बिचाऱ्याचा हेतू.

त्या दिवशी बडबड्या दूध-पाव घेऊन वर गेला, तर कालची पिशवी कडीला तशीच लटकत होती. तो थबकला. 'गेल्या असतील कुठे,' असं त्यानं मनाला समजावलं. काकू शेजारी सांगितल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हात दारापर्यंत गेलाही. तेवढ्यात खिशात घंटा वाजली. त्यानं दुसरी पिशवी पहिलीशेजारी अडकवली, फोटो काढला आणि जिना उतरला.

संध्याकाळी मुलानं तो फोटो पाहिला. कडीला एक नाही, दोन पिशव्या होत्या. त्यानं शेजाऱ्यांना फोन केला, त्यांनी दार फोडलं. काकू स्वयंपाकघरात पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं, घशाला कोरड.

बातमी कळताच बडबड्या दवाखान्यात धावला. खाटेपाशी उभा राहिला. काकूंनीच त्याचा हात धरला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुझी पावलं ओळखली रे मी," त्या म्हणाल्या. "हाक मारायला गेले, तर आवाजच फुटेना. म्हटलं, असू दे, बडबड्या आलाय, दार वाजवल्याशिवाय थोडाच जातोय! मग पावलं खाली गेली."