जानकीवैनीच्या पांढऱ्या पुड्या

जानकीवैनीचे गुडघे कुणकेश्वराने बरे केले, असं महाशिवरात्रीपासून आमच्या वाडीत ठरलं होतं. ठरवलं तिनेच. नवसाचं जेवणही घातलं; मी सोलकढी पुन्हा पुन्हा मागून घेतली. पण बाजारात औषधं मांडून बसणाऱ्या एका माणसाकडून ती पांढऱ्या पुड्या आणते, हे मला ठाऊक होतं. शेजाऱ्याला देवाने डोळे दिलेत ते कशाला?

पावसाळ्यात तिची दाढ ठणकू लागली. मग गाल बधिर झाला, नाकातून काळपट यायला लागलं आणि उजवा डोळा सुजून पुढे आला. मुलगा प्रीतम तिला गोव्याला इस्पितळात घेऊन निघाला. गाडी माझी, म्हणून मीही.

डॉक्टर अक्षयाबाईंनी नाकात दुर्बीण घालून काळी खपली काढली, तपासायला पाठवली. परत आल्या त्या भराभर चालतच.

"बुरशी आहे. हवेत असतेच, धडधाकट माणसाला काही करत नाही. प्रतिकारशक्ती खचली की आत शिरते. डोळ्यापर्यंत आलीय, पुढे मेंदू. औषध सुरू करतोय, पण मेलेला भाग आजच कापून काढायला हवा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना साखर एवढी कशी चढली? गुडघ्यांसाठी स्टिरॉइड वगैरे घेत होतात?"

"नाय," वैनी म्हणाली.

"नीट आठवा. बरेच महिने घेतलं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं सोडतं; आम्हाला माहीत नसेल, तर ऑपरेशनमध्ये रक्तदाब कोसळू शकतो. टेबलावर जीव जाईल."

"नाय म्हटलंय मां!"

"आईचे गुडघे नवसाने बरे झालेत," प्रीतमने भाबडेपणाने सांगितलं.

ट्रॉली आली. वैनीला वर घेतलं. मी वाकून कुजबुजलो, "वैनीनू, कुणकेश्वर हंय येवन सांगूचो नाय. तुमी सांगतल्यात, की मी सांगू? मी सांगलंय तर फोडणी घालून सांगतलंय."

उघड्या डोळ्याने तिने मला जाळलंच. "मेल्यानू, तुमका ठावक होता?"

ट्रॉली हलली. दार उघडलं.

"थांब गो बाय!" वैनीने डॉक्टरांची बाही धरली. "पुड्यो खातंय. रोज. शिवरात्रीच्या आदीपासून."

प्रीतम भिंतीला टेकला. डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत, भूल देणाऱ्यांना हाक मारून म्हणाल्या, "पुड्यांत स्टिरॉइड आहे असंच धरून चालू. तेच इंजेक्शन आधी द्या."

दार बंद झालं. बाहेर आम्ही दोघे.

डोळा वाचला, एका बाजूचा वरचा जबडा गेला. पुढचे कित्येक आठवडे सलाईनमधून औषध, आणि त्याने किडनी बिघडत नाही ना म्हणून सारखं रक्त तपासणं. टाळूला प्लेट लावून वैनी घरी आली, ती नाकात बोलत.

"भावजीनू, पुड्यांचा वाडीत सांगल्यात?"

"नाय." आणि खरंच नव्हतं सांगितलं.

"तोंडाक आताच कुलूप बरा लागला! जावा, आदी आपल्या वाडीतल्या रुक्मिणीकडे जावा. ती त्याच पुड्यो खाता. आणि एकदम बंद करू नको म्हणान सांगा, पयलो डॉक्टर गाठ म्हणा."

मी चपला घातल्या.