छत्रीच्या कापडाचा बेडूक

पवईच्या तलावावर मासे धरणाऱ्यांत लवू घाडीला ओळखत नाही असा माणूस तेव्हा नव्हता, पण ती ओळख काही मानाची नव्हती. बाकीचे लोक गळाला गांडूळ लावायचे, कोंबडीची आतडी लावायचे, कणकेत हिंग मळून गोळ्या लावायचे. लवू चमचे लावायचा. अगदी चहाचे चमचे, दांडा कापून, भोक पाडून, खाली गळ अडकवलेले. एकदा त्याने टूथपेस्टची रिकामी नळी कापून लावली होती. असलं काही पाण्यातून ओढलं की ते चकाकतं आणि माशाला वाटतं, पुढून छोटा मासाच पळतोय. मरळ याला फसतो. मांगूर फसत नाही. मांगूर चिखलात राहणारा, त्याला धड दिसतही नाही, मिशांनी चाचपत, वास घेत तो हिंडतो. चमच्याला कसला आलाय वास? हे तलावावरच्या कुणालाही कळत होतं. लवूला सात वर्षं कळलं नाही, म्हणजे त्याला कळून घ्यायचंच नव्हतं.

मी भाऊराव. मूळचा जालन्याकडचा, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. असल्फ्याच्या टेकडीवर आमच्या दोघांच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. लवू कुडाळकडचा, गिरणीत साच्यावर काम करायचा. संपात गिरणी गेली, मग चांदिवलीला एका गोदामावर वॉचमन झाला. त्या वर्षांत कितीतरी घरांची अशीच वाट लागली, त्याची वेगळी कहाणी सांगत बसत नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं पायी पवईला जायचो. मला मासेमारीचं वेड त्यानेच लावलं, आणि सुरुवातीला तोही सगळ्यांसारखी गांडुळंच लावायचा.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. सप्टेंबर महिना होता. त्याची बायको सुलक्षणा पहिल्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, डॉक्टर म्हणाले होते अजून दोन दिवस आहेत, म्हणून आम्ही तलावावर गेलो होतो. चाळीतला एक माणूस धापा टाकत आला. मूल गेलं होतं आणि सुलक्षणेचं रक्त थांबत नव्हतं. लवूच्या हातात गळ होता, त्यावर अर्धवट ओवलेलं गांडूळ. त्याने ते सोडवून ओल्या मातीत ठेवलं. मग डब्यातली सगळी गांडुळं त्याच मातीत ओतली, दक्षिणेकडे, आपल्या गावाच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले.

कोकणातल्या गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने देवापुढे बोलायचं आणि बाकीच्यांनी वाक्यागणिक "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होकार देणारं कुणीतरी लागतंच, त्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही असं ते मानतात. लवूचं घराणं घाडी, गावातलं गाऱ्हाणं घालायचा मानच त्यांचा.

"भावराव, व्हय म्हाराजा म्हण," तो म्हणाला.

"मी? अरे, मला तुमचं हे..."

"दुसरो कोण हा हय? म्हण रे मेल्या!"

माझ्या बापाने छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात साधा नारळसुद्धा कधी फुटला नाही. पण समोरच्या माणसाची बायको मरायला टेकली होती. अशा वेळी माझ्या तत्त्वांना कोण विचारतो?

"बा देवा म्हाराजा," लवूचा आवाज कापत होता. "माझ्या सुलक्षणेचो जीव राख. आजपासून ह्यो लवू घाडी गळाक खाणा लावचो नाय. गांडूळ नाय, बेडूक नाय, पीठ नाय, खाण्याचा कायएक लावचो नाय."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

सुलक्षणा वाचली. तिला पुन्हा मूल झालं नाही, पण ती वाचली. मी लवूला पुढे एकदा चिडून म्हणालोही, "अरे, लोक कोंबडा कबूल करतात, नारळ करतात. तू हे काय भलतंच बोलून बसलास? मग सरळ मासे धरणंच सोडतो म्हणायचं होतंस."

"ता माझ्यान झाला नसता," तो म्हणाला. "जा होवचा नाय, ता देवाक कसा सांगू?"

तलावाच्या पलीकडच्या अंगाला मासेमारीच्या क्लबातला एक पारशी म्हातारा बसायचा. त्याच्या पेटीत परदेशी चकाकत्या पट्ट्या, रंगीत लाकडी मासे असले गळ होते. लवूने लागोपाठ दोन रविवार त्याच्या मागे उभं राहून ते बघितले आणि तिसऱ्या रविवारी घरातला चमचा घेऊन आला. तिथून हे सुरू झालं. मरळ मिळायचा, रिकाम्या हाताने तो नेहमीच परतायचा असं नाही. पण मांगूर धरणं हीच तलावावरची खरी मर्दुमकी, आणि मांगुराने त्याच्या गळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुलक्षणा माझ्या बायकोकडे तक्रार करायची, "घरात चाय ढवळूक चमचो उरलो नाय गे!" वरून हसायची. नळावरच्या बायका मात्र तिला विचारायच्या, "काय गं, तुझ्या नवऱ्याच्या चमच्यांना मांगूर कधी जेवायला येणार?" तेव्हा ती हंडा अर्धाच भरून घरी यायची. हे मला बायकोने सांगितलं, सुलक्षणा स्वतः तेव्हा कधी बोलली नाही.

पंच्याऐंशी साली तिच्या पोटात गाठ निघाली. दोन महिने दवाखाना झाला, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ते असं सांगतात तेव्हा काय समजायचं ते सगळ्यांना समजतं. अन्न जाईना. तरी बसून बसून तिने एक गोष्ट केली. जुन्या छत्रीचं काळं कापड घेतलं, लवूने गिरणीतून कधीकाळी आणलेला टाकाऊ कापूस त्यात भरला आणि एक बेडूक शिवला. सुताचे पाय, पोटाखालून गळ बाहेर काढायला जागा. चमच्यापेक्षा हा मऊ, मांगुराने तोंड लावलं तर लगेच सोडणार नाही, अशी तिची अटकळ. आणि मग म्हणाली, मांगुराचं सार खावंसं वाटतंय.

मी दुसऱ्याच दिवशी घाटकोपरच्या बाजारातून जिवंत मांगूर आणला. माझ्या बायकोने सार करून दिलं. सुलक्षणेने वाटी बाजूला सरकवली. लवू ड्यूटीवर गेला होता.

"भावजीनू, विकतचो नको माका," ती म्हणाली. "ह्येंनी धरलेलो व्हयो. सात वर्सा नळार ऐकतंय मी. एकदा तरी ह्येंका मिळांदे. माझे डोळे उघडे आसत तवसर."

तिला मासा नको होता. तिच्यासाठी नवरा सात वर्षं हसं करून घेत होता, ते एकदा थांबलेलं तिला बघायचं होतं. मला ते बोलणं असह्य झालं. मी बाहेर येऊन कठड्याला धरून उभा राहिलो.

पुढचे तीन आठवडे लवू ड्यूटी संपली की तडक तलावावर. चिखलात गुडघाभर उभा राहायचा, बेडूक फेकायचा आणि हळूहळू ओढायचा. काही नाही. चौथ्या रविवारी मी घरून निघताना एका तपकिरीच्या डबीत गांडुळं ठेचून घेतली. तलावावर लवू जरा झाडामागे गेला, तेवढ्यात मी बेडकाच्या पोटाचे चार टाके उसवले, डबीतला लगदा आत कोंबला आणि दोरा ओढून घेतला. बोटं मातीत पुसली. मला त्या वेळी अपराधी वगैरे काही वाटलं नाही, उलट मी स्वतःवर खूश होतो. देव नाहीच, मग शब्द मोडला तरी कुणाचा, असा माझा हिशेब.

अर्ध्या तासात दोरी ताणली गेली. दीड हात लांबीचा मांगूर होता, काळाकुट्ट. गळ काढताना त्याच्या काट्याने लवूचा अंगठा फाडला, तरी त्याचं लक्ष नाही. मासा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो काठाकाठाने धावत सुटला.

"बघा रे! काय्येक लावूक नाय! देवान ऐकल्यान माझा!"

सात वर्षं हसणारी माणसं आपापले गळ सोडून बघायला उठली. पारशी म्हातारा मुद्दाम वळसा घालून आला, बेडूक हातात घेऊन निरखला आणि लवूच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, त्याच्या नाकाला कळलं असेल. बेडूक परत देऊन तो आपल्या जागेवर गेला.

सुलक्षणेने त्या दिवशी भाताचे चार घास खाल्ले. नळावरच्या बायकांना बोलावून घ्यायला लावलं, माशाचं डोकं दाखवलं. लवू सांगत होता, ती ऐकत होती, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत होती. मग तिने सुई मागितली. मांगुराने बेडकाचं पोट फाडलं होतं, ते शिवायला. मी समोरच बसलो होतो. सुईच्या टोकावर काहीतरी तांबूस, लिबलिबीत आलं. तिने ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. लवू दारात कुणाला तरी अंगठ्याची जखम दाखवत होता. तिने ते पदराला पुसलं आणि टाका घातला.

"भावजीनू, चाय घेवन जावा हां," एवढंच म्हणाली.

बुधवारी ती गेली.

मला वाटलं होतं, आता लवू मासेमारी सोडेल. उलट झालं. त्याला खात्री पटली होती की देवाने त्याचं व्रत मान्य केलं. आता एकदा मिळाला म्हणजे पुन्हा मिळणार. वर्षश्राद्धाला तिच्या पानावर मांगूर वाढायचा, तोही त्याच बेडकावर धरलेला, हे त्याने मनाशी पक्कं केलं. दिवस जवळ आले तसा तो रोज जायला लागला. ड्यूटी चुकवली, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून राहून ताप अंगात मुरला. छत्रीचं कापड विरलं, पाय गळून पडले, तरी तो तोच बेडूक फेकत होता. दुसरा शिवून घे म्हटलं तर म्हणायचा, "तिच्या हातचो ह्यो."

आणि मी त्याच्या शेजारी बसून हे बघत होतो. त्या दिवसांत मला बापाची फार आठवण यायची. त्याने छप्पन साली जे कबूल केलं ते मरेपर्यंत पाळलं. जीव मारायचा नाही हेही त्यातच होतं, म्हणून माझी मासेमारीसुद्धा त्याला आवडायची नाही, मी मासे घेऊन आलो की तो उठून ओट्यावर जाऊन बसायचा. त्याच्या नकळत, त्याच्याच हातून कुणी त्याचा शब्द मोडवला असता, तर मी त्या माणसाचं थोबाड फोडलं असतं. लवूने शब्द दिला तेव्हा तर मी नुसता शेजारी नव्हतो, होकार मीच भरला होता. ही अक्कल मला वर्षभराने आली.

श्राद्धाला तीन दिवस उरले होते. सकाळची वेळ, लवूचे ओठ निळे पडले होते. मी म्हणालो, "लवू, बाहेर ये. मिळणार नाही तुला."

"गावतलो. मागच्या खेपेक गावलो तसोच गावतलो."

"मागच्या खेपेलाही मिळाला नव्हता रे." आणि मी सांगितलं. डबी, गांडुळं, चार टाके, सगळं. सुलक्षणेने सुईच्या टोकावर काय पाहिलं, तेवढं सोडून. ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आज लिहितोय.

तो पाण्यातून बाहेर आला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्या शेजारी दगडावर बसला आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागला.

"आयतवार," तो म्हणाला. "सोमवार. मंगळवार." मग चौथ्या पेरावर अंगठा ठेवून थांबला. "बुधवारी गेली ना रे ती?"

तेव्हा कुठे मला कळलं की मी त्याला काय देऊन बसलो होतो. वर्षभर त्याच्याजवळ निदान एवढं होतं, की आपण शब्द पाळला आणि तिचं आयुष्यच तेवढं होतं. तेही मी काढून घेतलं. मी तिच्या आजाराचं बोललो, गाठीचं बोललो, डॉक्टरांनी आधीच आशा सोडली होती ते सांगितलं. माझं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि एकाचाही उपयोग नव्हता.

"तुया व्हय म्हाराजा म्हटलेलंस," तो म्हणाला. रागाने नाही, नुसती आठवण करून दिल्यासारखा. मग त्याने दोरी कापली, बेडूक सोडवून खिशात ठेवला आणि उठला. दक्षिणेकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याचा आवाज कापला नाही. "ह्या भावरावान जा काय केल्यान, ता मायेपोटी केल्यान. त्येचो दोष त्येच्या पोराबाळांर घालू नको. काय चुकला-माकला आसात ता सगळा माझ्या पदरात घाल."

तो थांबला. काठावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

"म्हण रे मेल्या," तो हळूच म्हणाला.

मी तोंड उघडलं. सगळा दोष त्याच्या पदरात घालायला माझ्याने होकार भरवेना. त्याने वाट पाहिली, आणि मग माझ्याकडे न बघता माझ्या वाटणीचं "व्हय म्हाराजा" त्यानेच म्हणून टाकलं.