चार नंबरची जर्सी

पिशवीला गाठ मारलेली होती.

समीरने गाडीची डिकी उघडली. आत सगळ्यांच्या जर्सी. धुतलेल्या, घडी केलेल्या, सॉफ्टनरचा वास येणाऱ्या. एकेकाचं नाव घेऊन त्याने वाटल्या. शेवटी कोपऱ्यातली ग्रोसरीची प्लास्टिकची पिशवी दोन बोटांनी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"ही तुझी."

गाठ सोडली. माझी चार नंबरची जर्सी. गेल्या शनिवारचा चिखल. गेल्या शनिवारचा घाम. आठवडाभर कोंडलेला. काखेत बुरशीचे काळे ठिपके. वाटलं, मशीनमध्ये टाकायची राहिली असेल. मॅच सुरू होत होती. तीच अंगात घातली.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या वीकेंड फुटबॉल लीगमधली ही आमच्या ऑफिसची टीम. समीर कॅप्टन. ऑफिसात माझा मॅनेजर. माझ्या ग्रीन कार्डचं घोडं कंपनीत अडलेलं आणि लगाम त्याच्या हातात. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून मीही त्याला समीर म्हणायचो. जर्सी त्याच्या घरी धुतल्या जायच्या. त्याचं मशीन मोठं.

मी डिफेंडर. त्या दिवशी कॉर्नरला समोरच्या फॉरवर्डला चिकटून उभा होतो. तो गोरा पोरगा नाक धरून म्हणाला, "ड्यूड, डू यू एव्हर वॉश?"

आमची पोरं हसली. समीर सगळ्यात जोरात हसला. त्याला माहीत होतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा पिशवी. पुन्हा गाठ. तेव्हा मागचं जुळलं. दोन आठवड्यांपूर्वी समीर गोलपोस्टची नेट द्यायला माझ्या अपार्टमेंटवर आला होता. पुण्याहून आलेली त्याची आई सोबत होती. बायकोने चहा टाकला. काकूंची नजर भिंतीवर गेली. निळ्या कोटातला फोटो. मग त्यांनी मला विचारलं, नागपुरात नक्की कुठे राहायचात? इंदोऱ्यात, मी म्हणालो. लपवायचं काय त्यात. चहा आला तेव्हा काकूंना अ‍ॅसिडिटी झाली होती. समीरने कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

त्यानंतरची ही पिशवी.

अरे, मशीन आहे ते. माणसाचा हातसुद्धा लागत नाही. गरम पाणी, अमेरिकन साबण. तरी माझा घाम यांच्या घामात मिसळायला नको. मैदानात चालतो. यांच्यावरचे गोल वाचवतो तेव्हा चालतो. मशीनमध्ये चालत नाही. मला किळस आली. जर्सीची नाही. समीरची.

कोचने पिशवी पाहिली. बेटो त्याचं नाव. ब्राझीलचा, काळा, रिटायर्ड डिफेंडर. आठवडाभर आसपासच्या पोरांना शिकवायचा, शनिवारी आम्हाला. त्याने पिशवीत वाकून वास घेतला आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं. इंग्रजीत हे सांगणं सोपं नाही. पण त्याला फार सांगावं लागलं नाही.

मॅचनंतर त्याने मला आपल्या गाडीत बसवलं आणि स्वतःचं सांगितलं. लहानपणी तो फॉरवर्ड होता. क्लबने मागे उभा केला. काळा धिप्पाड पोरगा, धक्के खाईल म्हणून. गोल झाला की शिव्या डिफेंडरला, हे तिथेच शिकला. पुढे मोठ्या क्लबात गेला. अध्यक्षाने घरी जेवायला बोलावलं तर बिल्डिंगच्या वॉचमनने नोकरांच्या लिफ्टकडे बोट दाखवलं. तो त्याच लिफ्टने वर गेला. कचऱ्याच्या डब्यांसोबत. जेवला. थँक्यू म्हणाला. मग युरोप. दर कॉर्नरला स्टँडमधून माकडाचे आवाज. कॅप्टन म्हणायचा, लक्ष देऊ नको, खेळ. तो वर्षानुवर्षं खेळत राहिला. आणि एका मॅचमध्ये, स्कोअर बरोबरीत असताना, चालत मैदानाबाहेर गेला. क्लबने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. मग कुठल्याच मोठ्या क्लबने विचारलं नाही. इथली एक छोटी लीग, मग गुडघे गेले, मग शॉमबर्ग.

पस्तावलास का, मी विचारलं.

तो म्हणाला, "सोडून दिली त्या मॅचचं काही वाटत नाही. पूर्ण खेळलो, त्या मॅचेसची लाज वाटते."

पुढच्या शनिवारी समीरने पिशवी पुढे केली. मी हात पुढे केला नाही.

"गाठ तू सोड," मी म्हणालो.

"उशीर होतोय यार."

"सोड. वास घे. आणि सगळ्यांना सांग, ही एकच का राहते."

तो जवळ आला. आवाज खाली आणला. "आईचं सोवळं आहे. जुनी माणसं. ती आहे तोवर अ‍ॅडजस्ट कर ना. इश्यू करू नको. आपल्याला ऑफिसातही एकत्र काम करायचंय."

शेवटचं वाक्य सगळ्यात हळू होतं. धमकी होती ती.

बाकीचे बुटांच्या लेस बांधत होते. बांधलेल्याच पुन्हा बांधत होते. एक जण पुटपुटला, हे इथे कशाला आणायचं? जसं काही मी आणलं होतं.

मग मी इंग्रजीत बोललो. रेफरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझी जात सांगितली. पिशवी कशासाठी, ते सांगितलं. आणि मैदानाबाहेर आलो. कोच माझ्यासोबत आला. बाकी एकही नाही. टीम खेळली. जिंकलीसुद्धा.

घरी बायकोने आता काय होईल असं विचारलं नाही. तिने विचारलं, "सगळं बोललास ना?"

सोमवारी मी एचआरकडे गेलो. समोरची बाई सभ्य होती. मी बोलत होतो, ती टाइप करत होती. कास्ट तिने नाटकातल्या नटमंडळींसारखं लिहिलं.

"शेवटी ई लागतो," मी म्हणालो.

तिने ई घातला. मग म्हणाली, तक्रार नोंदवण्याआधी दोघं बसून बोलता का? तुमचं ग्रीन कार्ड त्यांच्या डिपार्टमेंटमधून चाललंय. नीट विचार करा.

"केलाय," मी म्हणालो. "त्याचं पूर्ण नाव लिहा. माझी जातही पूर्ण लिहा."

ग्रीन कार्ड जाईल कदाचित. जाऊ दे. बायको-पोरीला घेऊन नागपूरला उतरेन आणि तिथेही हेच बोलेन. तक्रार मागे घेणार नाही.