स्टूर बेटावरचा पश्चात्तापाचा बाक

पाद्री वॉल्टर इनिसला समुद्र सोसत नसे, आणि त्याच्या वाट्याला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंडमधली चार बेटं आली होती. देवाच्या कारभारात असं व्हायचंच. तीन बेटं जवळ होती. तिथे तो ओकत का होईना, अधूनमधून पोचे. चौथं स्टूर. तिथे वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात, जाणं होई. तेवढ्या मुक्कामात तो वर्षभराची बाळं बाप्तिस्म्याला घेई, वर्षभराची लग्नं लावी, भांडणं मिटवी, आणि जी मिटत नसत त्यांतल्या दोन्ही बाजूंना सारखंच झापे.

त्याला न्यायला स्टूरहून रास्मीची होडी येई. जमिनीवर रास्मीसारखा भाविक माणूस शोधून सापडला नसता. तो स्टूरच्या चर्चचा पंच होता आणि प्रवचनात कुणी पेंगलं तर काठीने ढोसायचा. पण होडी किनाऱ्यावरून सुटली की त्याचा धर्म बदले. समुद्रावर काळा झगा दिसला, किंवा पाद्री, चर्च, प्रार्थना हे शब्द काढले, की वादळ येतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इनिसला ठाऊक नव्हतं. तो मोठ्या गावात शिकलेला. पहिल्याच फेरीत त्याने होडीत उभं राहून खणखणीत आवाजात प्रार्थना सुरू केली. वल्हेकऱ्यांनी निमूट होडी वळवली आणि जिथून उचललं होतं तिथेच त्याला आणून ठेवलं.

मग तडजोड झाली. इनिसने काळा झगा गाठोड्यात बांधायचा, कोळ्यांचा तेलकट कातडी डगला चढवायचा, आणि पाठ फिरवून बसायचं. तोंडातून चकार शब्द नाही. वाटेत दुसऱ्या होडीतून कुणी विचारलंच, "काय रे, कुणाला घेऊन चाललास?" तर रास्मी म्हणे, "पोतं आहे बार्लीचं." पोतं त्या वेळी बहुधा काठावरून वाकून ओकत असे.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. पुढे कुणा शेजारच्या पाद्र्याने त्याला त्या डगल्यात पाहिलं आणि वरच्या धर्मसभेला कळवलं. धर्मसभेने इनिसला समोर उभं केलं. "तू देवाचा सेवक, की कोळी?" येशूचे पहिले शिष्य कोळीच होते, हे इनिसच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याला बायको होती, घर चर्चचं होतं. तो म्हणाला, "सेवक." हुकूम निघाला, की यापुढे प्रवास काळ्या झग्यातच. नाहीतर चारही बेटं जातील.

जूनमध्ये रास्मी आला, तर इनिस वाळूवर काळ्या झग्यात उभा.

"हे काय हो?"

"हुकूम आहे."

"डगला घाला, पाद्रीबाबा. वारा बरा आहे."

"घालता येणार नाही."

"मग बसताही येणार नाही."

"अरे, तू चर्चचा पंच ना?"

"इथे आहे," रास्मी म्हणाला आणि त्याने पाण्याकडे हात केला. "तिथे माझ्या हातात पाच जणांचा जीव असतो. त्यांच्या बायकापोरांना काय तुमची धर्मसभा पोसणार आहे?"

तरी तो निघेना. पायाने वाळू उकरत राहिला. शेवटी म्हणाला, "आमच्या ओस्लाचं लग्न लावायचंय. तिला दिवस गेलेत."

ओस्ला त्याची एकुलती एक लेक. गेल्या उन्हाळ्यात पाद्री आला तेव्हा तिचा ठरलेला नवरा अर्टी ग्रीनलंडला देवमाशांच्या मागे गेलेला, त्यामुळे लग्न राहिलं. तो शरदात परतला, आणि स्टूरवरचा हिवाळा फार लांब असतो. आता लग्नाआधी मूल झालं, तर तिला चर्चमध्ये सगळ्यांपुढे पश्चात्तापाच्या बाकावर बसावं लागणार. मागच्याच वर्षी रास्मीने शेजारच्या पोरीला हाताला धरून त्या बाकावर बसवलं होतं. त्या पोरीने अजून मान वर केली नव्हती.

"मग चल ना घेऊन मला!" इनिस म्हणाला.

"डगला घाला."

दोघेही अडून बसले. होडी रिकामी गेली. पुन्हा आली, पुन्हा रिकामी गेली. इनिसचं जेवणावरचं लक्ष उडालं. ऑगस्टात एका सकाळी त्याने बायकोला डगला काढायला सांगितलं. तिने तो आधीच उन्हात घालून ठेवला होता.

तो स्टूरला उतरला तेव्हा ओस्लाच्या कुशीत मुलगी होती, अजून नाळही न पडलेली. इनिसला स्वतःची लाज वाटली. त्याने शनिवारी लग्न लावलं.

"उद्या ओस्ला बाकावर बसेल," जेवताना रास्मी म्हणाला.

"बाबा, होडी परत कुणी नेली?" ओस्ला म्हणाली.

"मीच."

"मग?"

"मग काय? शेजारणीच्या लेकीला बसवली, आणि आपलीला सोडू? उद्या त्या माउलीला तोंड कसं दाखवू?"

रास्मीचं म्हणणं खरं होतं, आणि तेच इनिसला सहन होत नव्हतं.

रविवारी चर्च भरलं. ओस्ला बाळाला घेऊन मधल्या वाटेने बाकाकडे निघाली. इनिस व्यासपीठावर चढलाच नाही. तो तिच्या पुढे झाला आणि बाकावर बसला.

"पोर लग्नाला वेळेवर तयार होती," तो लोकांना म्हणाला. "उशीर मी केला."

पाद्री बाकावर असला, तर रीतीप्रमाणे बोल लावायचं काम पंचाचं. सगळ्यांच्या माना रास्मीकडे वळल्या. तो उठला. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि बाकापाशी आला.

"सरका जरा," तो म्हणाला.

इनिस सरकला. बाक दोघांपुरताच होता. ओस्ला बाळाला घेऊन तिथेच उभी राहिली. तिला बसायला जागाच उरली नव्हती.